निंबाला वळसा

लीलाधर नानांबद्दल कोणी वावगा शब्द काढला की मी पदर खोचून भांडायला उठायचे. ‘कोकिळाच्या गिरणीवर नानांचं नाव काढू नका, बाई पीठ जाड देते,’ असं बाया म्हणायच्या, आणि द्यायचेच मी जाड. आता तीच मी नानांची गोष्ट सांगायला बसलेय. मधेच राग आला तर आवरणार नाही, आधीच सांगून ठेवते.

पाचोऱ्यात भडगाव रोडला आमची कॉलनी. मधोमध ओपन स्पेस म्हणून सोडलेली जागा. कागदावर बगीचा, प्रत्यक्षात गाजरगवत, कोणाच्या तरी बांधकामाची उरलेली रेती आणि डुकरं. एका कोपऱ्याला माझी पिठाची गिरणी, वडिलांनी टाकलेली. दुसऱ्या अंगाला मोठा निंब. कॉलनी व्हायच्या आधी इथे शेत होतं, तेव्हापासूनचा तो. त्याच्या बुडाशी गुरांना पाणी पाजायची दगडी हाळ, तीही शेताच्या वेळची. गुरं गेली, शेत गेलं, हाळ तिथेच राहिली.

नाना नगरपालिकेत वॉलमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातात. लांब लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधून सकाळी यायचे, वॉलच्या खड्ड्यापाशी उकिडवे बसायचे, चावी फिरवायचे आणि कान लावायचे. पाइपातून पाणी कसं जातंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. ‘पुढे लीक शे’ म्हणाले की तिथे खणायचं, लीक सापडायचंच. साहेब लोकसुद्धा मान डोलवायचे. उंच माणूस, पाठीत थोडा वाकलेला, बोलणं मोजकं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. रिटायर झाले तरी सकाळी त्याच वेळी उठून कॉलनीला एक चक्कर मारायचे.

माझ्यावर त्यांचा फार जीव. वडील गेल्यावर गिरणीचा पट्टा तुटला की नाना, मोटर जळली की नाना. आईला घेऊन जळगावच्या दवाखान्यात महिनाभर राहिले तेही नानाच. सख्खे काका दशक्रियेपुरते आले आणि वाटणीचं विचारून गेले. मी नानांना एकदा म्हटलं होतं, ‘तुम्ही नसता तर मी हाय खाऊन मेले असते.’ त्यांनी सायकल काढली आणि गेले.

आता दिपमालाचं सांगायला हवं. तिचं नाव आमच्या कॉलनीत सव्वीस वर्षं कोणी घेत नव्हतं.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. तेव्हा मी चौदा वर्षांची, दिपमाला तेरा. घरासमोर घर. झोका दरवर्षी नानाच बांधून द्यायचे. त्या दिवशी दुपारी दिपमाला झोक्यावर उभी होती आणि मी मागून झोका देत होते. ती ओरडत होती, ‘अजून, कोकी, अजून!’ मी दिला अजून. दोर तुटला. ती हाळेच्या कडेवर डोक्यावर पडली. मी धावत जाऊन तिचा हात धरला, तेव्हा बोटं हलत होती. मग थांबली.

तिची आई भागाबाई घरातून पळत आली. लेकीला मांडीवर घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली, ‘कोकीनी मारं! कोकीनी लई जोरमा झोका दिधा!’

बस. तेवढं पुरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तोंडी तेच. कोकीचा हात जड आहे. पोलीस आले, लिहून घेऊन गेले, पोर झोक्यावरून पडली म्हणून. कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. पण त्या दिवसापासून एकाही बारशाला मला कोणी पाळण्याला हात लावू दिला नाही. बाया पाळण्याची दोरी एकीच्या हातून दुसरीच्या हाती द्यायच्या, माझ्यापाशी आली की माझ्यावरून पुढे. दोन ठिकाणी लग्न जमत आलं होतं, दोन्ही ठिकाणी कोणीतरी जाऊन कान भरले. मग मी म्हटलं, जळलं मेलं ते लग्न, आणि गिरणीवर बसले.

एवढंही चाललं असतं. पण आई. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवशी तिला शुद्ध आली, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘देव तुले माफ करो, बेटा.’ म्हणजे माझ्या जन्मदात्या आईलाही वाटत होतं की मी मारलं. सतरा वर्षं एका ताटात जेवली माझ्याबरोबर आणि मनात हे. नाना तेव्हा तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

आणखी एक सांगते, हसायचं तर हसा. मला तो झोका ऐकू येतो. फांदीवर दोर घासल्याचा आवाज, कर्र, कर्र. वारा नसतो तेव्हाही. गिरणी चालू असली की दबतो, म्हणून अखाजीच्या दिवशी मी गिरणी बंद ठेवत नाही. दळण नसलं तरी रिकामी फिरवते. लाइट गेली की मात्र काही इलाज नसतो. नाना दर अखाजीला मुक्ताईनगरला जायचे, मुक्ताईच्या दर्शनाला. मला वाटायचं, केवढा भाविक माणूस.

तर गेल्या हिवाळ्यात ही पोरं आली.

भागाबाईची नात मोनाली, कॉलेजात शिकणारी, आणि तिच्याबरोबर सात-आठ जण. जळगावला कुठल्याशा शिबिरात जाऊन आली होती. आपल्या मोहल्ल्यातली सार्वजनिक जागा आपणच कशी बदलायची, ते तिथे शिकवलं म्हणे. मला वाटलं, दोन दिवस झाडू मारतील, फोटो काढतील आणि जातील. पण ह्यांनी झाडूला हातच लावला नाही. वह्या आणि रंगीत पेन्सिली घेऊन माझ्या गिरणीच्या ओट्यावर ठाण मांडून बसली.

‘काय गं, दळण आणलंय का? नाही ना? मग उठा,’ मी म्हटलं.

‘मावशी, आम्ही बघतोय,’ मोनाली म्हणाली. ‘सरांनी सांगितलंय, आधी काही बदलायचं नाही. आठ दिवस नुसतं बघायचं. कोण कुठून येतं, कुठून जातं, कुठे थांबतं. मग विचारायचं. मग उसन्या वस्तूंनी करून बघायचं. जमलं तरच पक्कं.’

ती मला मावशी म्हणाली. तिच्या आजीने सव्वीस वर्षांत माझ्या दिशेला तोंड केलं नव्हतं, आणि ही खुशाल मावशी म्हणते. मी उठवलं नाही त्यांना. चहासुद्धा दिला.

आठ दिवस त्यांनी रेघा ओढल्या. बायका लाल, पुरुष निळे, लेकरं हिरवी. नवव्या दिवशी मोनालीने सगळे कागद जोडून माझ्या ओट्यावर पसरले आणि म्हणाली, ‘मावशी, हे बघा ना. चुकलंय का आमचं?’

मी बघितलं. ओपन स्पेसमधून जाणाऱ्या सगळ्या रेघा सरळ येत होत्या आणि निंबापासून पंधरा-वीस पावलांवर वाकत होत्या. लाल, निळ्या, हिरव्या, सगळ्याच. वळसा घेऊन पलीकडे पुन्हा सरळ. मधे निंबाभोवती कोरा कागद. तिथे सावली आहे, जमीन साफ आहे, काटा नाही, डबकं नाही. आम्ही सगळे सव्वीस वर्षं वाकडे चालत होतो आणि एकालाही ठाऊक नव्हतं. नंतर जन्मलेली लेकरंसुद्धा आईबापांचं बघून वाकडी चालत होती.

‘आणि ही निळी रेघ बघा,’ स्वप्नील म्हणाला. तो त्यांच्यातला चित्रं बरी काढणारा. ‘ही तर ओपन स्पेसमध्ये येतच नाही. मागच्या गल्लीतून पूर्ण फेरा मारते. रोज.’

‘कोणाची आहे?’

‘लीलाधर नानांची.’

मी म्हटलं, त्यांचा गुडघा दुखतो. आता मला सांगा, गुडघा दुखणारा माणूस लांबचा फेरा मारेल का? पण मला तेव्हा सुचलं नाही. ज्या माणसावर आपण विश्वास टाकलेला असतो त्याच्याबद्दल अक्कल चालत नाही.

मग पोरं घरोघरी विचारत सुटली. तुम्ही निंबापाशी का वळता? कोणी म्हणे, वळतो का आम्ही? कोणी म्हणे, तिथे बाई बसते. कोणाची बाई, कसली बाई, विचारलं की दार बंद. मोनालीने घरी आजीला विचारलं तर भागाबाई दोन दिवस जेवली नाही. दिपमाला नावाची आपल्याला आत्या होती आणि ती तापाने गेली, एवढंच त्या पोरीला सांगितलेलं होतं. नानांना विचारलं तर ते म्हणाले, ‘सवय.’ आणि त्या दिवसापासून सकाळची चक्कर बंद झाली.

तरी पोरांनी करून बघायचं ठरवलं. स्वप्नीलचा मामा रावेरला केळीच्या गाडीवर आहे, त्याच्याकडून फुटके क्रेट आणले आणि निंबाखाली उलटे मांडले, बसायला. चुन्याने लंगडीची घरं आखली. पंधरा दिवस एक चिटपाखरू फिरकलं नाही. क्रेट जसेच्या तसे, वर निंबाची पिवळी पानं. पोरं हिरमुसली. शेवटी मोनालीने कॉलनीची मीटिंग लावली, रविवारी सकाळी, तिथेच क्रेटांपाशी. बसायला मात्र सगळे लांब, माझ्या गिरणीच्या सावलीत. भागाबाई आली होती, सुनेच्या हाताला धरून. नाना मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांना स्वप्नीलने घरून हट्टाने आणलं होतं.

मोनालीने सगळं सांगितलं. बसायला जागा, लेकरांना खेळायला, आणि येत्या अखाजीला निंबाला झोका. नगरपालिकेला द्यायचा अर्जही तयार होता, सगळ्या घरांच्या सह्या हव्या होत्या. झोका म्हटल्याबरोबर सहीसाठी पुढे झालेले हात मागे गेले. पोरगी एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली.

‘काय झालंय तिथे?’ ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. ‘कोणीतरी सांगा ना. आम्ही चार महिने राबतोय. काय झालंय?’

बाया पदराशी चाळा करत होत्या, बाप्ये मोबाइल बघत होते. मला त्या सगळ्यांचा असा संताप आला. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे बोलायला तोंड होतं, आणि आता ह्या लेकरासमोर दातखीळ! मी उठले.

‘मी सांगते. तुझी आत्या तापाने नाही गेली. झोक्यावरून पडून गेली, ह्याच निंबाखाली. झोका मी देत होते. मी मारलं तिला. आता कळलं ना? करा सह्या!’

मोनाली माझ्याकडे बघतच राहिली. भागाबाईने डोळे मिटून घेतले. आणि मागून नानांचा आवाज आला.

‘तिनी नही मारं.’

सगळे वळले. नाना भिंत सोडून पुढे आले होते.

‘दोर सडेल व्हता,’ ते म्हणाले. ‘माले माहीत व्हतं.’

मग ते जे बोलले ते मी तुम्हाला साध्या भाषेत सांगते, त्यांना धड बोलता येत नव्हतं. नगरपालिकेच्या पंपाच्या विहिरीतून मोटर वर काढायचा जाड दोर होता. पाण्याने आणि ऑइलने एके ठिकाणी कुजला होता. आठ दिवस आधी त्यांनीच तो तपासून कंडम ठरवला होता, फेकायचा म्हणून बाजूला काढला होता. अखाजीला आम्ही पोरींनी सकाळपासून त्यांच्यामागे धोशा लावला, ‘नाना, झोका, नाना, झोका.’ नवा दोर आणायला बाजारात जायचा त्यांनी कंटाळा केला. पोरींचं वजन ते किती, एक दिवसाचा तर प्रश्न, असं म्हणून तोच दोर आणला. फांदीवर दोर झिजू नये म्हणून आम्ही तिथे गोणपाट गुंडाळतो. कुजका भाग त्यांनी बरोबर तिथे घेतला, गोणपाटाच्या आत, म्हणजे कोणाला दिसू नये. आणि दिपमाला पडल्यावर, सगळी माणसं तिच्याभोवती गोळा झालेली असताना, ते निंबावर चढले, वरचा तुकडा सोडला, खालचा उचलला आणि पंपावर नेऊन जाळून टाकला.

‘तवा भागाबाई बोंबलत व्हती, कोकीनी मारं,’ नाना म्हणाले. ‘मी ऐकं. आणि मी गप बसनू.’

खाई त्याला खवखवे म्हणतात. सव्वीस वर्षं ह्या माणसाला खवखवत होतं, आणि तो माझ्या गिरणीचा पट्टा बांधून देत होता, माझ्या आईची औषधं आणत होता. मला आधी दोराचा राग आलाच नाही. लग्नाचा नाही, पाळण्याचा नाही. मला वाटलं, जगात एका माणसाने माझ्यावर माया केली, आणि ती माया नव्हतीच. ते फेडणं होतं. सगळ्या कॉलनीने मला टाकलं तेव्हा जितकं एकटं वाटलं नव्हतं, तितकं त्या क्षणी वाटलं.

नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ‘बोल काहीबी,’ म्हणाले. ‘मार माले.’

माझं तोंड एवढं चालतं, पण तेव्हा एकच वाक्य निघालं.

‘माझी आई जाताना तुम्ही उशाशी बसला होतात, नाना.’

त्यांनी ‘हो’ म्हणून मान हलवली.

‘तिने काय म्हटलं, ते तुम्ही ऐकलंत.’

पुन्हा मान हलवली.

‘तेव्हा तरी सांगायचं. तिच्या कानात. मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं.’

नाना तिथेच खाली बसले, धुळीत. त्यांना कोणी उठवलं नाही. मीही नाही. भागाबाई सुनेचा हात सोडून चालत आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. ‘पहिली मीच बोंबलनू वं,’ एवढंच म्हणाली. मी तिला काय सांगणार? तिची पोर मेली होती मांडीवर. मी तिला हाताला धरून पलीकडे नेलं आणि क्रेटवर बसवलं. तोवर तिच्या लक्षातही आलं नाही की आपण निंबाखाली आहोत.

सह्या झाल्या. सगळ्या झाल्या, त्याच दिवशी. लाज वाटली असेल मेल्यांना. भागाबाईने एकच मागितलं, ती हाळ तिथून काढा. बारा पोरांनी पहारी आणि ओंडके लावून सबंध दिवसभर घाम गाळला आणि हाळ ओपन स्पेसच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. फेकायची नाही असं त्यांनी ठरवलं. का, ते त्यांनी मला समजावलं होतं, मला काही नीट कळलं नाही. झोका मात्र ह्या वर्षी बांधला नाही. मोनालीच म्हणाली, घाई नको.

मग त्यांनी पुन्हा आठ दिवस रेघा ओढल्या. बहुतेक सरळ झाल्या होत्या. लेकरं तर निंबाला हात लावून पळायची. दोनच रेघा अजून वाकड्या होत्या. एक नानांची, एक माझी.

नाना येतात दळण घेऊन. डबा ठेवतात, बोलत नाहीत. मी दळून देते, बारीक देते, आणि बोलत नाही. माफ केलं का, असं मोनाली विचारते. नाही केलं. पण परवा ते दोन दिवस आले नाहीत तर मी स्वप्नीलला घरी बघायला पाठवलं. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आणि झोक्याचा आवाज अजून येतो. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर थांबेल.

अखाजी आली. अखाजीला आम्ही पितरांची घागर भरतो. कुंभाराकडची नवी घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोरी, आंबा. आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून एकेकाचं नाव घ्यायचं, जे गेले त्यांचं. नऊ वर्षं मी आईचं बोट घाईघाईने ओढायचे, नाव तोंडातल्या तोंडात घ्यायचे आणि उठायचे. तिच्यासमोर बसायची माझी हिंमत नव्हती.

ह्या वर्षी गिरणी बंद ठेवली. आंघोळ करून उंबऱ्यापाशी बसले. आजोबांचं बोट ओढलं, आजीचं, वडिलांचं. मग आईचं. तिचं नाव मोठ्याने घेतलं, गल्लीत ऐकू जाईल एवढं. तिच्याशी मी नेहमी आमच्या घरच्या बोलीतच बोलायचे.

‘माय वं, मी नही मारं तिले.’

कुंकवाचं बोट तसंच उंबऱ्यावर टेकवून बसले. पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. मेलेली माणसं बोलत नाहीत, मला काय ते ठाऊक नाही? तरी दुपार होईपर्यंत मी तिथून उठले नाही.